जेवलो म्हणजे पसंत

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना माझ्या चुलतभावाच्या नाकातून चहा आला, आणि वहिनीनं चादर मलाच धुवायला दिली.

संपला? बरं.

लोक चिखलदऱ्याला जातात, दऱ्या बघतात, कॉफीची पाकिटं घेतात, माकडांचे फोटो काढतात आणि गुपचूप घरी येतात. मीही तेवढंच करायला गेलो होतो हो! आई, बाबा आणि मामा यांना घेऊन दोन दिवसांची साधी सहल. पण तिथून आल्यापासून कळंबच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मला विचारते, "काय भाऊ, जेवले का?" आणि शेजारची पदरात तोंड लपवून हसते.

माझ्याबद्दल थोडं आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल हा जन्मतःच असा आहे. तसं नाही. मला शिकवून असं केलेलं आहे.

लहान वयातच शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पार डेहराडूनकडच्या एका निवासी शाळेत गेलो. कॉलेज बंगळुरूला. सुट्टीत घरी यायचो तो पाहुण्यासारखा. त्यामुळे आपल्याकडची लग्नं मी पाहिली ती पंगतीपासून पुढे. पंगतीच्या आधी काय काय घडतं, कोण कोणाच्या घरी जातं, तिथं काय बोलतं, काय खातं, यातलं मला ओ की ठो ठाऊक नव्हतं. एवढं लक्षात असू द्या.

तर शिक्षण संपवून मी परत आलो. कशाला? गाव बदलायला! गाव त्या वेळी कापूस वेचत होतं, त्यामुळे त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही.

माझी योजना मात्र तयार होती. कळंबच्या बाहेर आमच्या शेतात एक तीन खोल्यांचं कौलारू घर आहे. बाबांनी हौसेनं बांधलं आणि त्यात खताची पोती भरून कुलूप लावलं. माझ्या मनात होतं, हे घर झाडून, रंगवून तिथं होमस्टे काढायचा. शहरातली माणसं येतील, तुरीच्या शेंगा तोडतील, चुलीवरची भाकरी खातील, गावच्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेतील आणि माणूस म्हणून थोडी सुधारून परत जातील. मी इथेच राहीन, दोन पोरांना काम मिळेल, आणि विदर्भाकडे बघण्याची अख्ख्या देशाची दृष्टी बदलेल. हसू नका! रात्री झोप लागत नव्हती मला या विचारानं.

अडचण एकच. बंगळुरूच्या एका कंपनीचं नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि महिनाअखेर त्यांना उत्तर हवं होतं. शेतातलं घर मिळालं तर मी राहणार, नाही मिळालं तर बॅग भरणार. आणि किल्ली होती बाबांकडे.

माझे बाबा फार कमी बोलतात. दिवसभरात जेवढे शब्द वापरतात, तेवढे मामा एका शिंकेनंतर वापरतो.

"बाबा, मला शेतातलं घर पाहिजे," मी म्हटलं.

"कायले?"

आता इथं मी सरळ सांगायला हवं होतं की नाही? पण मला वाटलं, नुसतं सांगून यांना पटणार नाही. प्रत्यक्ष दाखवायला हवं. त्यात मी आणखी एक व्रत घेतलेलं होतं: घरात इंग्रजी शब्द वापरायचा नाही. ज्या भाषेत आई रागावते त्याच भाषेत मी माझी स्वप्नं सांगणार! म्हणजे 'होमस्टे' हा शब्द बाद.

म्हणून मी काय म्हणालो ऐका. शब्दन्‌शब्द आठवतो.

"बाबा, मी आत्ता नाही सांगत. चिखलदऱ्याला एक घर आहे, ते मला तुम्हा दोघांना दाखवायचं आहे. त्यांची कॉफीची बाग आहे, माणसं फार चांगली आहेत. आपण दोन दिवस त्यांच्याकडे राहू. तुम्हाला ते घर आवडलं, तर मला शेतातलं घर द्या. मग मी बंगळुरूला जाणार नाही. इथेच राहीन, कायमचा."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"घरी कोण कोण असते?" तिनं अगदी हळू विचारलं.

"प्राची असते आणि तिचे बाबा."

"प्राची."

"सगळं तीच बघते आई! घर कसं चालवावं ते तिच्याकडून शिकावं. मी रोज बोलतो ना तिच्याशी फोनवर."

हे खरंच होतं. तिच्या होमस्टेच्या जाहिरातीतला नंबर बघून महिनाभर मी प्राचीला फोन करून होमस्टेबद्दल प्रश्न विचारून भंडावत होतो. पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत? खोलीत एक मोठा पलंग बरा की दोन वेगळे? आणि हे सगळं मी बोलत होतो ओसरीवर, मोठ्यानं, कारण आमच्याकडे नेटवर्क ओसरीवरच येतं.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं. आमची आईही हुशार आहे, तिच्याही लक्षात आलं. अख्ख्या घरात लक्षात आलं नाही ते एकट्या मला.

आईनं त्याच दिवशी मामाला फोन केला. आमचा मामा वणीचा. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यानं जुळवली आहेत आणि उरलेली मोडली आहेत. आईनं त्याला बजावून सांगितलं, "पोट्टा लाजते. त्याच्यासमोर एक शब्द काढू नको." आणि मामानं आयुष्यात पहिल्यांदा बहिणीचं ऐकलं. नेमकं तेव्हा!

शनिवारी सकाळी निघायच्या वेळी मी बाहेर आलो तर आई ठेवणीतल्या साडीत, बाबांच्या डोक्यावर कोरी टोपी, आणि मामा? पांढरे कडक कपडे, वर काळं जाकीट, अंगाला अत्तर. गाडीत एक मोठी पिशवी. तिच्यातून नारळाची शेंडी दिसत होती.

"एवढं नटून?" मी म्हटलं. "आपण डोंगरात फिरायला चाललो आहोत!"

"पहिल्यानं कोणाच्या घरी जातो तं माणसावानी जा लागते भाचेबुवा," मामा म्हणाला. "तू काहून असा चुरगळलेला कुरता घातला बे?"

"हा खादीचा आहे मामा. तो असाच असतो."

"अनू, इस्त्रीचा शर्ट घाल ना रे," आई काकुळतीनं म्हणाली.

मी माझ्या विचारांवर ठाम राहिलो. आई मामाच्या कानात म्हणाली, "राहू दे. तिनं असाच पसंत केला असन."

मला वाटलं, प्राचीनं सहलीसाठी मोकळे कपडे घाला असं सुचवल्याचं आई बोलते आहे. मला किती सहज गोष्टी पटतात बघा.

यवतमाळ, नेर, अमरावती करत परतवाड्याला पोचलो. घाट चढला तसा गारवा आला. एका वळणावर सावलीच्या उंच झाडांखाली कॉफीची गर्द हिरवी झुडपं दिसली, फांद्यांना लालभडक फळं चिकटलेली. मी गाडी थांबवून व्याख्यान सुरू केलं. विदर्भात कॉफी पिकते हे निम्म्या विदर्भाला माहीत नाही, आपण आपलीच माती ओळखत नाही, वगैरे. मामा झुडपांकडे बघून म्हणाला, "बाग किती एकराची हाय म्हंता त्यायची?" मला आनंद झाला. शेवटी मामालासुद्धा शेतीत रस वाटू लागला!

फाटकावर पाटी होती: 'प्राची होमस्टे'. मी पुढे धावत गेलो. मागे काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं.

"घराले पोरीचं नाव देल्लं," मामा म्हणाला. "लाडाची दिसते."

"आन ते होमस्टे?" आईनं विचारलं.

"आडनाव असन. कोणते हो हे? आपल्यात बसते का?"

"बसवून घेऊ," आई म्हणाली. "पोट्टा घरी राहून राह्यला ना, बस झालं."

आता माझी आई म्हणजे साडीच्या काठाचा रंग जुळला नाही तर दुकान बदलणारी बाई. पण मी शिकायला गेलो तेव्हापासून ती मला एसटीत बसवून देत आली होती. या वेळी मला थांबवायचं म्हणून ती होमस्टे आडनावाच्या लोकांशीही सोयरीक करायला तयार झाली होती.

अंगणात कॉफीच्या बिया वाळत पडल्या होत्या. प्राची हसत बाहेर आली. थंडी कडक, त्यामुळे गळ्यापर्यंत बंद केलेला स्वेटर आणि वर मफलर. मागून तिचे बाबा आले, पांढऱ्या मिशांचे, बोलके; त्यांना आम्ही काका म्हणू लागलो. आणि पाण्याचा ट्रे घेऊन आला अंगात एप्रन घातलेला एक तरुण. त्याचं नाव सुमित. त्याच्याबद्दल मी फोनवर कधी ऐकलं नव्हतं. एवढंच कळलं की स्वयंपाक तो करतो. जास्त विचारलं नाही, कारण माणसाला त्याच्या कामावरून ओळखावं, नात्यागोत्यावरून नाही, हेही माझं एक तत्त्व होतं. माझी तत्त्वं त्या काळात फार होती.

चहापोहे आले. तिघांनी आनंदानं खाल्ले. आई प्राचीकडे अशी बघत होती, जशी ती दिवाळीत पहिल्या तळलेल्या चकलीकडे बघते.

मग काका म्हणाले, "हातपाय धुऊन घ्या. जेवण तयार हाय."

आणि तिघंही एकदम ताठ झाले.

"नाही नाही," मामा म्हणाला. "जेवण नाही. आमचं पोट भरलेलं हाय."

"अहो, एवढ्या दुरून आले..."

"पोह्यातच भरलं," बाबा म्हणाले. खोटं बोलताना बाबा छताकडे बघतात. ते छताकडे बघत होते.

हे गौडबंगाल मला नंतर समजलं, तुम्हाला आत्ताच सांगतो. आमच्याकडे मुलाकडचे लोक मुलगी पाहायला जातात तेव्हा चहापोहे घेतात, पण बोलणं पक्कं झाल्याशिवाय मुलीच्या घरी जेवत नाहीत. जेवलो म्हणजे पसंत! ताटावर बसलात की संपलं, मग माघार नाही. मामानं तर निघण्याआधीच माझ्यामागे ठरवून टाकलं होतं: पोट्ट्याचं मन पक्कं आहे हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. त्यासाठी आईनं ज्वारीच्या भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं सोबत घेतलं होतं.

आणि मला काय वाटलं? बाबांना हे घर आवडलं नाही! परक्याच्या ताटात जेवायची कल्पनाच त्यांना पटलेली नाही! माझा होमस्टे अंगणातच मेला!

सुमितनं केलेलं भरीत, वरण, भात, सगळं झाकून ठेवलं गेलं. काकांचा चेहरा उतरला. मी एकटा जेवलो. सगळ्यांच्या वाटचं जेवलो. तर आई मामाला म्हणते, "पाह्य, पोट्टा तं जेवलाही!" मामा म्हणाला, "त्याचं सोड. आपण मोठे हावो."

दुपारी पंचबोल पॉइंटला गेलो. प्राची वाट दाखवायला सोबत. दरीत हाक मारली की आवाज पुन्हा पुन्हा परत येतो, हे मामाला इतकं आवडलं की त्यानं माझ्या नावानं हाका सुरू केल्या. तेवढ्यात माकडांनी डाव साधला. गाडीच्या टपावर ठेवलेलं भाकरीचं गाठोडं एका वानरानं उचललं आणि झाडावर जाऊन सोडलं.

"अबे ओ!" मामा ओरडला. "ओ... ओ... ओ..." दरी ओरडली.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं निसर्गाच्या दर्शनानं. ती म्हणत होती, "आता खायचं काय?"

परतताना कॉफीच्या बागेतून चालत आलो. प्राची फळं तोडून दाखवत होती. आई तिच्या अगदी बाजूनं.

"स्वयंपाक जमते का वं तुले?"

"छे काकू! मला कुकर लावतानाही भीती वाटते. आमच्याकडे सुमितच सगळं करतो."

आईनं पदर सावरला. "शिकते माणूस हळूहळू," ती म्हणाली. "आमच्या कळंबले ऊन लय तापते. सहन होईन का?"

"येऊ की काकू एकदा!"

"एकदा काहून? कायमचीच ये."

प्राची मोकळेपणानं हसली. मी मागून हे ऐकत होतो आणि माझा ऊर भरून आला. आई होमस्टेवाल्या मुलीला चक्क आपल्या गावाला येऊन काम दाखवायला बोलावते आहे! म्हणजे आईचं मत तयार झालं!

"आई," मी म्हटलं, "मला माहीत होतं तुला पटेल. मामा, आमचा दोघांचा एक फोटो काढ. पुढे फार उपयोगी पडेल."

मामानं आम्हाला बाजूबाजूला उभं केलं. एक डोळा मिटून बघितलं. "जरा पाठीले पाठ लावून उभे राहा बरं."

"ते कशाला?"

"फोटोत चांगलं दिसते."

आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहिलो. मामा आईकडे वळून समाधानानं म्हणाला, "चार बोटं फरक हाय. बराबर हाय."

संध्याकाळी मामा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसला. आत रस्सा उकळत होता. उपाशी माणसाला वासानंच गुंगी येते. सुमितनं त्याला चवीपुरता रस्सा दिला तर मामानं डोळे मिटून नुसता वास घेतला आणि वाटी परत केली. केवढा संयम!

"पोरा, हात चांगला हाय तुह्या," तो म्हणाला. "लग्नाचा स्वयंपाक घेतं का?"

"घेतो ना. कोणाचं आहे लग्न?"

"कळंन लवकरच. तुले सोबतच घेऊन जाऊ. ओळखीचं माणूस असलं म्हणजे पोरीलेही करमते."

सुमित गोंधळला, पण गिऱ्हाईकाशी वाद घालू नये हा धंद्याचा नियम.

रात्रीचं जेवणही तिघांनी नाकारलं. आता पोह्यांची सबब नव्हती, म्हणून मामानं सांगितलं की त्याला डॉक्टरांनी डोंगरावर जेवायला मनाई केली आहे. तिघांना एकाच डॉक्टरनं का मनाई करावी हे काकांनी विचारलं नाही, पण ते रात्रभर झोपले नसावेत. सकाळी प्राचीनं मला बाजूला घेतलं.

"अनिकेत, खरं सांग. आमचं काय चुकलं? इथं आजवर कोणी उपाशी झोपलं नाही. बाबा फार मनाला लावून घेतात."

माझं काळीज तुटलं हो! मी तडक आमच्या खोलीत गेलो. आई पलंगावर पोट धरून बसली होती. मामाचं जाकीट एका दिवसात सैल झालं होतं. बाबा छताकडे बघत होते, पण या वेळी नुसतेच.

"तुम्ही का जेवत नाही?" मी ओरडलोच. "ती माणसं आतून दुखावली आहेत. बाबा, माझ्यासाठी तरी जेवा!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

आई उठली. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाली, "तुह्यं मन पक्कं हाय ना?"

"पक्कं! शंभर टक्के!"

"मागून फिरशील तं? उद्या म्हणशील, नाही जमत."

"आई, महिनोन्‌महिने मी दुसरा विचार केलेला नाही. मला आयुष्यात हेच करायचं आहे."

"मंग बंगलोर?"

"तुम्ही आज इथं जेवलात, तर बंगळुरूला आजच नाही म्हणून कळवतो."

मामा उभा राहिला. त्यानं जाकिटाची बटणं लावली आणि दार उघडून गर्जना केली, "काका, पानं वाढा!"

मित्रहो, काय सांगू ते जेवण! उन्हाळ्यानंतर विहिरीला पाणी लागावं तसे तिघं जेवले. आईनं दोनदा भात घेतला. मामाच्या भाकऱ्या सुमितनं मोजणं सोडून दिलं. बाबा, माझे बाबा, म्हणाले, "भरीत वाढ." काका आनंदानं वाढत होते, प्राची आग्रह करत होती, आणि मी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होतो. जिंकलो! विदर्भ जिंकला!

हात धुऊन मामा काकांसमोर मांडी घालून बसला.

"तं काका, आमचं जेवण झालं. आमच्याकडून आता काही प्रश्न नाही. तुमचं काय म्हणणं?"

"आमचं काय म्हणणं असणार?" काका म्हणाले. "पाहुणे पोटभर जेवले, आम्ही खुश!"

"खुश ना? झालं तं मंग!" मामा आईला म्हणाला, "ताई, काढ."

आईनं पिशवी उघडली. नारळ निघाला, साडी निघाली, पेढ्यांचा डबा निघाला, कुंकवाची डबी निघाली. मला वाटलं, किती मोठ्या मनाची माझी आई! होमस्टेवाल्यांची ओटी भरते आहे! मी फोनवर चित्रणही सुरू केलं. ते चित्रण आजही आमच्या नातेवाइकांत फिरतं.

"ये बाई, बस पाटावर," आई म्हणाली.

प्राची लाजली. साडी बघून तिला भरूनच आलं. पाटावर बसताना तिनं मफलर काढला, स्वेटरची वरची बटणं सोडली.

आईचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं.

प्राचीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. चांगलं ठसठशीत, दोन वाट्यांचं.

 तेवढ्यात आतून सुमितचा आवाज आला, "प्राची, मामांना अजून एक भाकरी हवी का विचार गं."

"हा..." मामानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "हा आचारी तुले नावानं हाक मारते?"

"मामा, ते माझे मिस्टर आहेत," प्राची म्हणाली. "आणि बाबा माझे सासरे."

मामानं नारळाकडे बघितलं. नारळानं मामाकडे बघितलं असावं. सुमित हात पुसत दारात आला आणि त्यानं निरागसपणे विचारलं, "मामा, ते लग्न कोणाचं म्हणाले होते तुम्ही?"

आता मात्र मला कळलं. एकदम कळलं! पडदे, पलंग, पाठीला पाठ, नारळ, सगळं एका दमात कळलं. जमीन फाटेल तर बरं असं वाटलं, पण डोंगरातली जमीन, घट्ट असते.

मग मी बोलायला सुरुवात केली. होमस्टे म्हणजे काय, शेतातलं घर मला कशासाठी हवं, पडदे कोणासाठी. सगळं मराठीतून. ततपप करत. माझं संपलं तेव्हा पहिल्यांदा हसले ते काका. खुर्चीत मावेनात. मग प्राची हसली, मग सुमित, तो दाराची चौकट धरून. आई हसता हसता रडली की रडता रडता हसली कळलं नाही, पण तिनं ते कुंकू प्राचीला लावलंच.

"साडी राहू दे," ती म्हणाली. "लेकीले देल्ली समज. आन यायचं कळंबले. नवऱ्याले घेऊन."

"काकू, पण तुम्ही मला स्वयंपाक न येताही पसंत केलं होतं!" प्राची म्हणाली. "माझ्या सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं."

मामा तेवढा गंभीर राहिला. "जेवण फुकट गेलं," तो पुटपुटला. "एवढं जेवलो, आन सोयरीक नाही."

आणि बाबा? ते केव्हाच उठून अंगणात गेले होते. मी भीत भीत मागे गेलो. ते वाळत घातलेल्या कॉफीच्या बियांवरून हात फिरवत होते. मी बाजूला उभा राहिलो. माझं घर, माझा होमस्टे, माझं गाव, सगळं त्या माणसाच्या तोंडातून निघणाऱ्या पुढच्या शब्दावर होतं.

"लोकं पैसे देऊन राहतेत असे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"राहतात बाबा."

"हं."

 मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि शेतातल्या घराची किल्ली काढली. ती ते घरूनच घेऊन आले होते! सून पसंत पडली तर तिथंच माझ्या हातात द्यायची म्हणून. किल्ली तळहातावर ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. 

"त्या बंगलोरच्या कंपनीत," ते म्हणाले, "तुले काम काय राहणार होतं?"

मी म्हटलं, "लोकांना समजावून सांगायचं बाबा. म्हणजे कंपनीच्या मनात जे आहे, ते गावोगावच्या लोकांना त्यांच्या भाषेत, कोणाचाही गैरसमज होणार नाही असं नीट सांगायचं. त्यासाठी माझी खास निवड झाली होती."

बाबांनी दारातून आत बघितलं. आत आई नारळ परत पिशवीत ठेवत होती, मामा मिशीवरचं भरीत पुसत होता, आणि सुमित अजून चौकट धरून हसत होता.

मग बाबांनी माझा हात धरला, तळहात उघडला आणि त्यावर किल्ली ठेवली.

"घे," ते म्हणाले. "घरीच राह्य. त्या बंगलोरवाल्यायनं आपलं काय वाईट केलं?"